बत्तीघरातलं दुखणं

बाबा, गेल्या आठवड्यात मी तुमचं दुखणं डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं आहे. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही. आपल्या घरात पत्र लिहायची रीत नव्हतीच. काही सांगायचं असलं की सावनेरहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती निरोप यायचा. पण हे सांगायचं कोणाला? आईसमोर त्या दिवसांचा विषय निघाला की ती उठून आत जाते आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसते. भाऊ तेव्हा लहान होता. तेव्हा तुम्हालाच लिहायला बसले आहे.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही जिवंत मांसाचे तुकडे वाढवतो. अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा, बस. पेशींचा पातळ थर वाढवणं अवघड नाही. तो जाड करायला गेलं की आतून मरतो. बाहेरच्या पेशींना हवा आणि अन्न मिळतं, मधल्या गुदमरतात. लोकांना हे समजावताना मला फळ्यावर चित्रं काढावी लागतात. तुम्हाला लागली नसती. तुमच्या खाणीत नव्या गॅलरीच्या बोगद्यात हवा खेळायला लागल्याशिवाय माणूस पाठवत नाहीत, हे तुम्ही रोज ऐकत होतात. आमचंही तेच. आधी रस्ते, मग वस्ती. म्हणून आम्ही झाडाच्या फांद्यांसारखा एक बारीक साचा जिलेटिनचा बनवतो, त्याच्याभोवती पेशी मिसळलेली जेली ओततो आणि सगळं कोमट करतो. जिलेटिन वितळून वाहून जातं, मागे पोकळ नळ्या राहतात. त्या नळ्यांना आतून अस्तर लागतं ते बाळाच्या नाळेतल्या पेशींचं. बाळंतपणानंतर नाळ टाकूनच देतात, ती आम्ही त्या आयांना विचारून आणतो. काही दिवस नीट सांभाळलं की त्या पेशी आपणहून नव्या नळ्या फोडतात, केसाहून बारीक, कोणी न सांगता, जिकडे मांस उपाशी आहे तिकडे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी इतका वेळ खुर्चीत तशीच बसून राहिले की रखवालदार विचारायला आला, मॅडम, तब्येत ठीक आहे ना.

या नळ्यांमधून आम्ही सिकलचं, सिकलसेल झालेल्या माणसांचं, रक्त सोडतो. त्यासाठीच हे सगळं. तुमचं रक्त.

बत्तीघर आता बंद आहे. खाणच बंद झाली, कॉलनीतली घरं रिकामी पडली आहेत. पण डोळे मिटले की ती खोली जशीच्या तशी दिसते. भिंतीशी लोखंडी मांडण्या, त्यांवर रांगेनं टांगलेले टोपीवरचे दिवे, चार्जिंगचे लाल ठिपके आणि बॅटरीतल्या अ‍ॅसिडचा तो आंबट वास. पाळी सुरू व्हायच्या आधी खिडकी उघडायची, माणूस आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि तुम्ही त्याचा दिवा द्यायचात. जमिनीखाली जाण्यापुरतं अंग तुमचं कधी धड नव्हतं, म्हणून ते हलकं काम तुम्हाला दिलं होतं, आणि तेही उपकार केल्यासारखं.

मी सातवीत आहे. शाळा सकाळची. दुपारच्या पाळीला तुम्ही डबा घरीच विसरून गेलात म्हणून तो घेऊन मी येते आहे. खिडकी बंद. बाहेर माणसांची रांग, कोणीतरी दारावर थापा मारतो आहे, "अरे, बत्ती दे ना गा, साहेब वरडून राहिला!" तेवढ्यात साहेब येतात, बाजूचं दार ढकलतात, आणि त्यांच्यामागून मीही आत शिरते. तुम्ही मांडणीच्या मागे पोत्यावर पडला आहात. गुडघे पोटाशी, दुपट्ट्याचा बोळा दातांत धरलेला. तुमचा चेहरा मी ओळखला नाही, कारण तो चेहरा तुम्ही घरी कधी आम्हाला दाखवला नव्हता.

"उठ," साहेब म्हणाले. "तोंड उघड."

तुम्ही दुपट्टा काढलात आणि तोंड उघडलंत. साहेब वाकले, वास घेतला, आणि मागे वळून दारातल्या लोकांना म्हणाले, "आज वास नाई येऊन राहिला. कालचीच उतरली नसन." सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती, बाबा. त्यांतल्या दोघांनी नंतर तुम्हाला खांदा दिला. पण त्या दिवशी ते हसले. तुम्ही मांडणी धरून उठलात, खिडकी उघडलीत आणि एकेकाला दिवा देत गेलात. "जपून जा गा," प्रत्येकाला. मग मी दिसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "डबा ठेव वं, अन् घरी जा. ऊन लागन." त्या संध्याकाळी आईनं विटकर तापवली, फडक्यात गुंडाळून तुमच्या मांडीला लावली. तिला मी काही सांगितलं नाही, तुम्हीही नाही. तुम्ही छताकडे बघत होतात. मला आठवतं, चटका बसेल इतकी ती वीट गरम होती, आणि तुम्ही म्हणत होतात, अजून दाब.

दुखण्याला नाव मिळालं ते भावामुळे. त्याचे हात-पाय सुजले, बोटं वांग्यासारखी टम्म, आणि तो रडून रडून निळा पडला. सावनेरच्या डॉक्टरांनी नागपूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त घेतलं आणि मग तुमचं, आईचं, माझंही घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांना वेळ असेल किंवा तुमचा चेहरा पाहून काही वाटलं असेल, त्यांनी तुम्हाला सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावर बसवलं. कोणता डोळा मिटायचा हे तुम्हाला जमेना. मग दिसलं.

"हे माह्यं हाय?"

"तुमचंच. या रक्तातल्या पेशी. गोल असायला पाहिजेत, पण हवा कमी पडली की असे वाकडे होतात आणि बारीक नळ्यांमधे अडकतात. म्हणून दुखतं. सिकलसेल म्हणतात याला."

"विळ्यावानी दिसते," तुम्ही म्हणालात. बराच वेळ तुम्ही तसेच वाकून बसला होतात. मग मान वर केलीत आणि डॉक्टरांकडे न बघता आईकडे बघून म्हणालात, "म्हंजे मी नाटक नव्हतो करत."

बाबा, या एका वाक्यावर मी आयुष्यात किती वेळा येऊन थांबले आहे. इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं की तुमचा स्वतःवरचा विश्वासही डळमळला होता. मांडीतलं हाड फुटावं तसं दुखत असताना मनात कुठेतरी तुम्हालाही वाटत होतं, की आपणच कामचोर असू.

परतीच्या बसमधे तुम्ही जवळजवळ आनंदात होतात. भाऊ तुमच्या मांडीवर झोपला होता, त्यालाही तेच आहे हे अजून तुमच्या आत उतरलं नव्हतं. मला तुमच्याकडून वाकडा अर्धा भाग आला होता, आईकडून चांगला. आईसारखीच मी नुसती वाहक. आई म्हणाली, "उद्याच्या उद्या साहेबाले सांगा जी. म्हना, आता कोनाचं तोंड हुंगता." तुम्ही हसलात. पाटणसावंगी मागे गेलं, तुमचं हसू मावळलं, आणि घरी पोचेपर्यंत तुम्ही भावाची सुजलेली बोटं हातात धरून बसलात.

पुढे वर्गात रक्ताचा धडा आला तेव्हा मी हात वर करून सांगितलं की माझ्या बाबांना सिकल आहे. मला त्यात अभिमान वाटत होता, आता नाव होतं ना. गुरुजींनी चांगल्या मनानं बाजारात तुम्हाला तब्येत विचारली, चार लोकांसमोर. तुम्ही घरी आलात आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात.

"घरातलं बाहेर काहून सांगते तू?"

"खरं हाय ते, बाबा. लोक तुमाले बेवडा म्हनतात."

"म्हनू दे. बेवडा म्हनले तर माह्यं एकट्याचं नाव जाते. सिकल म्हनले तर तुमा दोघायचं जाते. उद्या तुले सोयरीक येईन, अन् कोनी म्हनन, त्यायच्या घरचं रक्त खराब हाय. मंग?"

"पन तुमी पीतच नाई ना."

"तुले माहीत हाय?"

"हो."

"मंग झालं."

आई चुलीशी होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली नाही, ती करपून गेली, आणि तिघांनी तीच खाल्ली. त्या दिवसापासून तुम्ही स्वतःच सांगायला लागलात. चालता येईनासं झालं, दोन दिवस कामावर गेलं नाही, की साहेबांपुढे कानाची पाळी धरून तुम्ही हसायचात, "काल जरा जास्त झाली, साहेब." मी ऐकलं आहे ते. दुकानाच्या ओट्यावर बसून तुम्ही ते इतकं छान म्हणालात की समोरच्यानं तुमच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस दारुड्याची नक्कल शिकला, आणि ती त्याला जमली.

बारावीनंतर नागपूरला प्रवेश मिळाला तेव्हा मला सोडायला तुम्हीच आलात. प्रॅक्टिकलला पांढरा एप्रन लागतो म्हणून आपण धरमपेठेत फिरलो. दुकानदारानं माझ्या मापाचा काढला, तुम्ही म्हणालात, याच्यावरचा दाखवा, पोरगी अजून वाढन. मी काही वाढणार नव्हते. "डॉक्टर बनून राहिली का?" त्यानं विचारलं. "नाई," तुम्ही म्हणालात, "रक्त पाहन म्हनते." मी असं कधी म्हटलं नव्हतं. बाहेर गाडीवर तर्री-पोहे खाल्ले, तुमच्या कपाळावर घाम आला आणि तुम्ही म्हणालात तर्री तिखट आहे. बस स्टँडकडे निघालो तर अर्ध्या वाटेत तुम्ही नाल्यावरच्या एका पुलियाच्या कठड्यावर बसलात, एप्रनचं पाकीट मांडीवर घट्ट धरून. "बस थोडं. गाडी काई पळून नाई जात." मी शेजारी बसले. रस्त्यावरच्या मुली बघून तुम्ही म्हणालात, इथं कोणी कोणाला ओळखत नाही, बरं आहे. तेव्हा मला वाटलं शहराबद्दल बोलता आहात.

तो हिवाळा फार कडक होता. तुम्हाला आधी ताप आला, मग छातीत दुखायला लागलं, आणि आईनं शेजाऱ्यांची जीप करून तुम्हाला नागपूरला आणलं. होस्टेलवर निरोप आला तेव्हा मी प्रॅक्टिकलला होते, तशीच धावले. तुम्हाला नाकाला नळी लावली होती. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसातल्या नळ्या अडकल्या आहेत. तुम्ही मला ओळखलंत की नाही, मला माहीत नाही. तुम्ही विचारत होतात, बत्त्यांच्या खिडकीवर कोण बसलं आहे आज. आई म्हणाली, बसला हाय कोनीतरी, तुमी झोपा जी. तुम्हाला ते पटलं नाही. पांघरूण बाजूला करून तुम्ही उठायला बघत होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला साहेब आले होते. खुर्चीवर बसले, तुमच्या फोटोला हात जोडले, खरोखर हळहळत म्हणाले, "मानूस लाख मोलाचा होता. दारूनं नेला." आई त्यांना पाणी द्यायला उभी होती. तिचे ओठ उघडले. मी मनात म्हटलं, सांग, आता तरी सांग. तिनं माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात जेवणाऱ्या भावाकडे बघितलं, आणि पाण्याचा तांब्या साहेबांपुढे ठेवून ती आत गेली. तुम्ही तिच्याकडून वचन घेतलं होतं की तिनं आपणच ठरवलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या लपवण्याचा उपयोग झाला का, बाबा? मला तसं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी पहिल्या भेटीतच सांगत होते की मी वाहक आहे, तुमचंही रक्त तपासून या. काहीजण परत आले नाहीत. एक आला, हातात रिपोर्ट घेऊन, आणि म्हणाला, माझं साधं निघालं, आता चहा पिऊ. त्याच्याशी लग्न केलं. भाऊ सावनेरला शाळेत शिकवतो. रोज एक गोळी घेतो, पाणी भरपूर पितो, आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की मला सिकल आहे. एका पोरीनं विचारलं, सर, दुखते का? तो म्हणाला, दुखते, मग मी बसून शिकवतो. त्या वर्गातल्या काही पोरांनी घरी जाऊन आपली तपासणी करून घेतली. तुम्ही ज्यासाठी बेवडा झालात ते तो खडू हातात घेऊन मोठ्यानं सांगतो. हे ऐकून तुम्हाला कसं वाटेल ते मला ठरवता येत नाही. कधी वाटतं तुम्ही त्याच्यावरही ओरडाल.

तर गेल्या आठवड्यातलं. आमच्याकडे रक्त येतं ते नुसत्या क्रमांकावर, कोणाचं ते आम्हाला कळत नाही, तसा नियमच आहे. पण सकाळी भावाचा फोन आला होता, "ताई, दवाखान्यात आलो होतो तर तुमच्या लोकायले रक्त देऊन आलो." आणि त्या दिवशी एकच नमुना आला. मी वरिष्ठांना जाऊन ते सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला नको असेल तर दुसरं कोणी करेल. मी म्हटलं, करते.

तुकडा छान वाढला होता, गुलाबी, कडेपर्यंत नळ्या पसरलेल्या. पंप सुरू केला, रक्त धावायला लागलं. पडद्यावर ते मोठं होऊन दिसतं, एकेक पेशी घाईनं वळण घेत जाते. मग आम्ही आतला ऑक्सिजन उतरवला. थोडा वेळ काही झालं नाही. मग नळीच्या एका फाट्यावर एक पेशी आडवी झाली. वाकडी, टोकदार. तिच्यामागे दुसरी येऊन टेकली, मग गर्दी झाली, आणि त्या फांदीतलं वाहणं थांबलं. शेजारच्या फांदीतही तसंच. त्यांच्या पुढच्या मांसाला काही मिळेना. मेलेल्या पेशी लाल चमकाव्यात म्हणून त्यात रंग टाकलेला असतो. आधी एक ठिपका पेटला, मग दोन, मग सगळा कोपरा. काही आवाज नाही. मी त्या कोपऱ्याकडे बघत होते आणि मला पोत्यावरचे तुमचे गुडघे दिसत होते. आत हे चाललं होतं, आणि वरून एक माणूस वाकून तोंडाचा वास घेत होता.

"ब्लॉक झालं! ताई, झालं!" माझी सहकारी खुर्चीतून उठून ओरडली. "यही तो चाहिए था अपने को!" आणि खरंच हेच हवं होतं. जे माणसाच्या शरीरात होतं ते आमच्या तुकड्यात झालं तरच त्यावर औषधं तपासता येतील. किती तरी महिने आम्ही यासाठी घालवले होते. सगळे जमले, कोणी पाठ थोपटली, कोणी संत्रा बर्फी मागवली. मीही खाल्ली. ऑक्सिजन पुन्हा वाढवल्यावर काही नळ्या मोकळ्या झाल्या, काही नाही झाल्या. यातून उद्या औषध निघेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. निघालं तरी ते भावाला मिळेपर्यंत त्याचं वय किती असेल, कोणास ठाऊक.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काय दिसलं गं ताई?"

"कोणाचं रक्त होतं मला माहीत नाही."

"बरं, नसन माहीत. पन दिसलं काय?"

मी सांगितलं. फाटा, गर्दी, लाल कोपरा, सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाबाले हे बिना गोळीचं होत होतं ना?"

"हो."

"अन् उभे राहून बत्त्या देत होते."

त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली, आणि त्यानं फोन ठेवला.

हे सगळं लिहून झालं आहे आणि पाकीट मी आणलेलं नाही. कपाटात ठेवणार नाही, आईच्या हाती लागेल; फाडून टाकीन, किंवा काही दिवस बॅगेत फिरवीन. फक्त एक गोष्ट इथं कोणाला सांगितलेली नाही, ती लिहिते. त्या दिवसानंतर तोच प्रयोग आम्ही पुन्हा पुन्हा करतो आहोत, नमुने दुसऱ्यांचे, अगदी अनोळखी लोकांचे. तयारी सगळी मी करते. पण ऑक्सिजन उतरवायची वेळ आली की मी सहकारिणीला म्हणते, तू कर गं, मी सगळ्यांसाठी चहा सांगून येते. आणि चहाच्या टपरीवर, चहा झाला तरी, मी थोडी जास्तच उभी राहते.